तिसऱ्यांदा खरवडण्याआधी

पत्र :

डॉक्टर, आम्ही बार्शी तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत लहानशी गाठ आली. दुखत नव्हती. रांजणवाडी समजून आम्ही लवंग उगाळून लावली, मेडिकलमधून ड्रॉप आणून घातले. जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी भूल देऊन ती खरवडून काढली. दोन महिन्यांत तिथेच परत आली. एप्रिलमध्ये पुन्हा काढली. आता ज्येष्ठ लागलाय आणि गाठ पुन्हा वर यायला लागली आहे. तेवढ्या जागेतले पापणीचे केस गळालेत आणि डोळा सारखा लाल असतो. डॉक्टर म्हणतात, अजून एकदा काढून टाकू. पुण्यातल्या जाऊबाई म्हणतात, आधी तुकडा तपासायला द्या. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. 'सुरी लागली की गाठ चवताळते' असं त्यांचं म्हणणं, आणि जे काही करायचं ते आषाढी झाल्यावर. ह्यांना भीती वाटते की मोठ्या दवाखान्यात नेलं तर डोळाच काढतील. आम्ही काय करावं?

आणखी दोन गोष्टी विचारते. नणंदेच्या चार महिन्यांच्या मुलीच्या पापणीवर लाल गाठ आहे आणि ती वाढतेय. घरात सगळे म्हणतात, आपोआप जाईल. आणि माझ्या दोन्ही पापण्यांवर नाकाच्या बाजूला पिवळे चट्टे आलेत, त्याचं काही करावं लागेल का?

– एक वाचक, जि. सोलापूर


उत्तर :

ताई, तुमच्या जाऊबाई बरोबर सांगताहेत. ही गाठ तिसऱ्यांदा नुसती खरवडू देऊ नका. या वेळी तुकडा काढायचा तो तपासणीसाठी, आणि पुढचं काय ते रिपोर्ट हातात आल्यावर ठरवायचं. सासूबाईंना कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि समोर बसवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तरी खात्रीने सांगता येत नाही. तो प्रश्न सूक्ष्मदर्शकाखालीच सुटतो.

तुमचे डॉक्टर ज्याला साधी गाठ समजताहेत तिचं नाव कलेझिऑन. आपल्या पापणीच्या आत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथींची एक रांग असते. वरच्या पापणीत साधारण ३० ते ४०, खालच्या पापणीत त्याहून कमी. हे तेल अश्रूंवर पसरतं आणि डोळा कोरडा पडू देत नाही. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की आतलं तेल आजूबाजूला झिरपतं, शरीर त्याला परकं समजून घेराव घालतं आणि टणक, न दुखणारी गाठ तयार होते. रांजणवाडी वेगळी. ती जंतूंमुळे होते, ठणकते, पिकते आणि आठवड्याभरात फुटून बसते. कलेझिऑन मात्र महिनोन्‌महिने तशीच राहू शकते. गरम शेकाने बऱ्याचदा जिरते, नाही जिरली तर पापणी उलटी करून आतून चिरा देऊन खरवडतात. म्हणजे जानेवारीत तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते रीतसरच होतं.

अडचण अशी की याच तेलग्रंथींमधून एक कॅन्सरही उगवतो. त्याला सेबेशियस ग्लँड कार्सिनोमा म्हणतात. तोही पापणीतच येतो, तोही दुखत नाही, तोही टणक आणि पिवळसर दिसतो. वरच्या पापणीत ग्रंथी जास्त, म्हणून तिथे तो जास्त आढळतो. बहुतेकदा साठीच्या पुढेमागे, आणि बायकांमध्ये थोडा अधिक. सुरुवातीच्या महिन्यांत तो कलेझिऑनसारखा इतका हुबेहूब दिसतो की जगभरचे डोळ्यांचे डॉक्टर त्याला फसतात. म्हणून तुमच्या डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका. त्यांच्याकडे एक प्रश्न घेऊन जा: आधी दोनदा जे काढलं, ते तपासायला पाठवलं होतं का? पाठवलं असेल तर लॅबमध्ये त्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड जपलेल्या असतील, त्या मागून घेऊन पुन्हा वाचून घेता येतात. पाठवलं नसेल तर झालं ते झालं. पहिल्या वेळी, तरुण माणसाच्या साध्या दिसणाऱ्या कलेझिऑनचा माल बरेच जण पाठवत नाहीत. पण साठीच्या माणसाची गाठ त्याच जागी परत येते तेव्हा तो कचऱ्याच्या बादलीत जाऊ देणं मला मान्य नाही.

तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींनी मला थांबवलं. पहिली, गाठ तंतोतंत त्याच जागी परत येतेय. ज्यांच्या पापण्यांच्या कडा सतत सुजतात त्यांना कलेझिऑन वारंवार होतात, पण त्या जागा बदलतात. आज या कोपऱ्यात, पुढच्या वेळी दुसऱ्या डोळ्यात. दुसरी, केस गळणं. साधी गाठ केसांच्या मुळांना बाजूला ढकलते, सहसा त्यांचा नाश करत नाही. कॅन्सरच्या पेशी मुळातच शिरतात, मग तेवढ्या पट्ट्यातला केस परत उगवत नाही. तिसरी, एकाच डोळ्याची लाली, जी ड्रॉपने जात नाही. या कॅन्सरची एक खोड आहे. तो गाठीच्या रूपात वाढतो तसाच पापणीच्या कातडीत आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यात पसरटपणे सरकतो. शेतातली हरळी आठवा, वरून खुरपली तरी दोन हातांवर पुन्हा कोंब निघतो. डॉक्टर समोरची गाठ खरवडतात आणि बाजूला पसरलेलं तसंच राहतं. कधीकधी गाठ अशी दिसतच नाही, नुसता डोळा लाल असतो आणि माणूस वर्षभर 'डोळे आलेत' म्हणून औषध घालत बसतो.

त्यावरून आठवलं, ते मेडिकलवाले ड्रॉप आजच्या आज बंद करा. बाटलीवरचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे 'लाल डोळ्याचे ड्रॉप' मागितले की बहुतेक ठिकाणी अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडची जोडी हातात ठेवतात. त्याने लाली तात्पुरती उतरते, बरं वाटतं, आणि खरा आजार झाकला जातो. महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. सासूबाईंनी किती दिवस घातले ते नीट आठवून डॉक्टरांना सांगा आणि डोळ्याचा दाब तपासून घ्या. लवंगही नको. गरम कपड्याचा शेक समजण्यासारखा आहे, लवंगेचं तेल बुबुळाला भाजतं.

तुमचं कदाचित मोबाइलवर शोधून झालं असेल. तिथे पापणीच्या कॅन्सरबद्दल बहुधा असं लिहिलेलं सापडेल की तो हळू वाढतो, दुसरीकडे जवळजवळ पसरतच नाही, काढला की संपला. ते खोटं नाही, पण ते दुसऱ्या कॅन्सरबद्दल आहे. युरोप-अमेरिकेत पापणीवर सर्वांत जास्त आढळतो तो बेसल सेल कार्सिनोमा. गोऱ्या कातडीवर उन्हाने होणारा, बहुतेकदा खालच्या पापणीवर, मोत्यासारखी चकचकीत कड आणि मध्ये खड्डा. आपल्याकडेही तो होतो, आणि आपल्या रंगामुळे पुष्कळदा काळा दिसतो, म्हणून लोक तीळ समजून सोडून देतात. पण आपल्या देशात प्रमाण उलटं पडतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने पापणीच्या कॅन्सरच्या ५३६ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून अधिक तेलग्रंथीच्या कॅन्सरचे होते आणि बेसल सेलचे साधारण पाव. तेलग्रंथीचा कॅन्सर जास्त आडदांड आहे. तो कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लसीका ग्रंथींमध्ये, म्हणजे शरीरातल्या गाळणीसारख्या बारीक गाठींमध्ये, जाऊ शकतो. तेव्हा परदेशी माहिती वाचून निर्धास्त होऊ नका.

आता सासूबाईंची सुरी. ही समजूत गावात इतकी पक्की का आहे, ते मला कळतं. माणूस गाठ अंगावर काढतो, फार पुढे गेल्यावर दवाखान्यात पोचतो, तिथे तुकडा काढतात, आणि काही महिन्यांत तो जातो. बघणाऱ्याच्या लक्षात राहतो तो तुकडा. आधी वाया गेलेलं वर्ष कोणी मोजत नाही. पापणीच्या गाठीचा तपासणीसाठी तुकडा काढल्याने आजार भडकतो, असं नाही. उलट, काय आहे हे माहीत नसताना पुन्हा पुन्हा खरवडण्यातच धोका आहे, कारण त्यात गाठ फुटते, अर्धी राहते आणि वेळ जातो. सासूबाईंना एवढंच विचारा: आई, सुरी तर दोनदा लागलीच आहे, मग तिसऱ्या वेळी निदान तिच्याकडून उत्तर तरी घेऊया की नाही?

तुकडा कसा काढतात ते त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाहीत. जानेवारीत दिली तशीच पापणीला भुलेची सुई. नुसतं आतलं खरवडून न घेता पापणीच्या पूर्ण जाडीतून छोटा तुकडा घेतात, कारण पसरलेला भाग पाहायचा तर कड आणि खोली दोन्ही हवी. लालीही असल्यामुळे डॉक्टर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पडद्याचे तिळाएवढे चार-पाच नमुने वेगवेगळ्या जागांहून घेतील आणि कुठला कुठून घेतला याचा नकाशा काढतील. एक-दोन टाके. त्याच दिवशी घरी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण मनाने बंद करू नका. साखर असेल तर ती तपासून जा.

लहान गावांत तो तुकडा बाटलीत घालून नातेवाइकांच्याच हातात देतात, 'लॅबला नेऊन द्या' म्हणून. तेव्हा दोन गोष्टी स्वतः बघा. बाटलीत फॉर्मालिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रावण, आहे ना? सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात घातलेला तुकडा सडतो आणि वाचता येत नाही. आणि सोबतच्या कागदावर डॉक्टरांनी नुसतं 'पापणीची गाठ' न लिहिता तेलग्रंथीच्या कॅन्सरची शंका आहे, दोनदा परत आली आहे, असं स्पष्ट लिहिलंय ना? हे मी उगाच खोलात जाऊन सांगत नाही. तुकड्यावर नेहमीची प्रक्रिया करताना त्यातली चरबी विरघळून जाते आणि पेशींमध्ये रिकामे बुडबुडे तेवढे उरतात. शंका माहीत असली की पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडा तपासणारा डॉक्टर, ते बुडबुडे शोधतो, खास रंग आणि चाचण्या लावतो. माहीत नसली तर दुसऱ्याच एखाद्या कॅन्सरचं नाव पडू शकतं. रिपोर्ट साधारण आठवड्यात येतो. रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. पुढे कुठल्याही मोठ्या दवाखान्यात गेलात तरी पहिल्यांदा त्याच मागतात.

रिपोर्ट साधा आला, म्हणजे नुसती सूज आणि दाह, तर आनंदच आहे. तरीसुद्धा केस उगवत नसतील आणि गाठ पुन्हा आली, तर 'मागे रिपोर्ट नॉर्मल आला होता' या आधारावर गप्प बसू नका. तुकडा चुकीच्या जागचा किंवा फार वरवरचा निघू शकतो. अशा वेळी दुसरा तुकडा घेतात आणि ते योग्यच आहे.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तर काय, यावर तुमच्या मालकांची सगळी भीती उभी आहे. आजार पापणीतच असेल तर डोळा काढत नाहीत. पापणीचा आजारी भाग, भोवतालच्या चार-पाच मिलिमीटर निरोगी कडेसह काढतात. शस्त्रक्रिया चालू असतानाच कडांचे तुकडे गोठवून तपासतात, कड स्वच्छ आहे असं पॅथॉलॉजिस्टने कळवल्यावरच पुढे शिवतात. जिथे ही सोय नसते तिथे काही सर्जन जखम दोन-तीन दिवस झाकून ठेवतात, रिपोर्ट येऊ देतात आणि मग पापणी बांधतात. पापणीचा पाव-तृतीयांश भाग गेला तर उरलेल्या कडा ओढून सरळ शिवता येतात, आणि या वयात कातडी सैल असल्यामुळे ते सोपं जातं. जास्त गेला तर खालच्या पापणीचा भाग वर सरकवून नवी पापणी तयार करतात. या प्रकारात डोळा सहा ते आठ आठवडे शिवून बंद ठेवावा लागतो, नंतर दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेने उघडतात. हे घरच्यांना आधी माहीत हवं, नाहीतर पट्टी सोडल्यावर डोळा बंद दिसला की रडारड होते. तेवढे दिवस सासूबाई एकाच डोळ्याने वावरतील. खोलीचा अंदाज चुकतो, म्हणून जिना, चूल आणि मोटारसायकलच्या मागची सीट सांभाळा.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पडद्यात पसरलेलं असेल तर गोठवण्याचा उपचार किंवा मायटोमायसिन या कॅन्सरविरोधी औषधाचे थेंब देतात. लसीका ग्रंथी सुजलेल्या असतील तर सुईने तपासतात. लागली तर मानेची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. कॅन्सर डोळ्याच्या खोबणीत उतरला असेल तर मात्र डोळ्यासकट खोबण रिकामी करायची वेळ येऊ शकते. अशा गाठी आधी केमोथेरपीने लहान करून पाहण्याचाही मार्ग आहे. मालकांना सांगा, ज्याची भीती वाटतेय ती शस्त्रक्रिया उशिरा पोचलेल्यांच्या वाट्याला येते, आणि तुम्ही अजून उशीर केलेला नाही. गाठ दहा मिलिमीटरच्या आत असतानाचं ऑपरेशन आणि तीस मिलिमीटरची झाल्यावरचं ऑपरेशन यांची तुलनाच होत नाही.

घरबसल्या एवढं करून ठेवा. दिवसाच्या उजेडात, डोळा उघडा आणि मिटलेला, असे जवळून फोटो काढा. शेजारी मोजपट्टी धरा. एखाद्या लग्नातला, वास्तुशांतीचा जुना फोटो शोधा, केस नेमके कधी विरळ झाले ते त्यात दिसतं. कानाच्या पाळीपुढे आणि जबड्याखाली बोटांनी हलकेच चाचपून दोन्ही बाजूंची तुलना करा. आणि घरात विषय काढून विचारा, त्यांना स्वतःला किंवा माहेरच्या कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का. एका अनुवंशिक दोषात हे सगळे एकत्र येतात, म्हणून डॉक्टर हा प्रश्न विचारतातच.

कुठे जायचं? पापणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ऑक्युलोप्लास्टी सर्जन म्हणतात, मोतीबिंदू करणारे सगळेच हे काम करत नाहीत. तुकडा सोलापुरात काढून घेता येईल. पुढची वेळ आली तर पुणे, मुंबई किंवा हैदराबाद. तुमच्या भागातून हैदराबादची गाडी सोयीची, हे मी तुम्हाला सांगायला नको. कॅन्सरच्या दवाखान्याचं नाव काढलं की सासूबाई दचकतील, पण तुमच्या बार्शीतच नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे आणि देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. कॅन्सर हा शब्द तुमच्या तालुक्याला नवा नाही. पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार दोन्हीवर सासूबाईंचं नाव सारखंच आहे ना, हे आजच बघा. 'शांताबाई' आणि 'शांता' एवढ्या फरकाने लोक दोन-दोन आठवडे हेलपाटे घालतात. दवाखान्यात गेल्यावर केसपेपर काढण्याआधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे या योजनेच्या तिथल्या मदतनिसाच्या, टेबलावर जा, आणि तुमचा उपचार तिथे योजनेत बसतो का ते विचारा.

आषाढीचं बोलू. तुम्ही पंढरपूरच्या इतक्या जवळ, सासूबाईंना वारी चुकवा म्हणणारी मी कोण? पण ज्येष्ठ आत्ता लागलाय. या आठवड्यात तुकडा काढला तर एकादशीच्या आधी टाके निघून रिपोर्टही आलेला असेल. त्या दर्शनाला खुशाल जाऊ देत, फक्त जखम कोरडी होईपर्यंत चंद्रभागेचं पाणी डोळ्याला लावायचं नाही आणि धुळीत साधा चष्मा घालायचा. 'आषाढीनंतर' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते आपल्या दोघींना ठाऊक आहे. मग पेरण्या, मग पंचमी, मग गौरी-गणपती.

आणि कृपा करून त्यांच्यापासून लपवू नका. रिपोर्ट मुलाच्या खिशात, सुनेच्या डोळ्यात पाणी, आणि 'काही नाही हो, साधी गाठ' हे नाटक मी रोज बघते. पेशंटला सगळं कळलेलं असतं. फक्त विचारायला कोणी उरत नाही. तुमच्या सासूबाई स्वतःचं मत असणाऱ्या दिसतात, सुरीवरून त्यांनी घरभर वाद घातलाय. अशा बाईला खरं सांगितलं की त्या उपचारातही तशाच ठाम राहतात. उपचारानंतर पहिली काही वर्षं दर तीन-चार महिन्यांनी पापणी आणि मान तपासायला जावं लागतं. ज्यांना आजार काय होता हेच सांगितलेलं नसतं, ते बरं वाटलं की येणं बंद करतात.

तुमचे पिवळे चट्टे साधे आहेत. कातडीखाली साठलेली चरबी, त्याला झँथेलाझ्मा म्हणतात. कॅन्सर होत नाहीत. उपाशीपोटी कोलेस्टेरॉल तपासून घ्या, जवळपास निम्म्या लोकांत ते नॉर्मल निघतं. काढायचे असतील तर दिसण्यासाठी काढायचे, आणि ते परत येऊ शकतात. ॲसिड लावून जाळणाऱ्यांकडे जाऊ नका, पापणी आखडते.

बाळाला मात्र या आठवड्यात दाखवा, सासूबाईंच्याच सोबत नेलंत तरी चालेल. वर्णनावरून रक्तवाहिन्यांची गाठ वाटते, हिमँजिओमा. घरचे म्हणतात ते अर्धं खरं आहे. अशा गाठी पहिल्या पाच-सहा महिन्यांत झपाट्याने वाढतात आणि पुढे काही वर्षांत आपोआप ओसरतात. पण पापणीवरची गाठ तेवढे दिवस थांबत नाही. ती बाहुली झाकते किंवा बुबुळावर दाब देऊन नंबर वाढवते, आणि ज्या वयात मेंदू बघायला शिकतो त्याच वयात तो डोळा शिकायचा राहतो. मग गाठ गेली तरी आळशी डोळा मागे राहतो. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हृदयाच्या त्रासासाठी दिलेल्या प्रोप्रानोलॉलने अशा गाठी विरतात, तेव्हापासून मुख्य उपचार तोच आहे. डोस वजनावर ठरतो, आधी हृदय तपासतात, आणि बाळ दूध पीत नसेल, उलट्या होत असतील तर तो डोस द्यायचा नाही, कारण साखर एकदम उतरते. नणंदबाईंना हे शेवटचं वाक्य कागदावर लिहून द्या. डोळा पुढे यायला लागला किंवा फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसली, तर आठवडाभरही थांबायचं नाही, त्याच दिवशी निघायचं.